युरेनियमच्या रस्त्यावरच्या सायकली

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय भागात, कोलोरॅडो नदीच्या काठी, मोआब नावाचे छोटे गाव आहे. वर्षाकाठी तेवीस-चोवीस सेंटिमीटर पाऊस आणि चहूबाजूंनी तांबड्या कातळाचे कडे. माउंटन बाइक चालवणाऱ्यांपैकी या गावाचे नाव न ऐकलेला माणूस विरळाच. इथून निघणाऱ्या सफरींपैकी सर्वांत नावाजलेली सफर व्हाइट रिमची. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ‘आयलंड इन द स्काय’ नावाचे उंच पठार आहे, त्याला खालच्या अंगाने वळसा घालणारा सुमारे १६० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता. सायकलवर तो पुरा करायला बहुतेक तुकड्या तीन ते चार दिवस घेतात. सोबत गाइड असतात आणि मागून पाणी, शिधा, तंबू आणि सुटे भाग घेऊन जीप येते. या सफरीची जाहिरात ‘माणसाचा हात न लागलेले वाळवंट’ अशा शब्दांत होत आली आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करणे मला महत्त्वाचे वाटते. पाहुणे ज्या रस्त्यावरून सायकल चालवतात तो अणुबॉम्बच्या कच्च्या मालासाठी खोदलेला आहे. गाइड, जीप, ठरलेले मुक्काम ही सफरीची सगळी रीतही त्याच काळाने घालून दिली. वाळवंटात सायकलीने स्वतःची वाट पाडल्याचे उदाहरण शोधायला गेले तर फार कमी सापडते. ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या कामाच्या वाटेवरून चालते.

आधी रस्ता तिथेच का आहे ते पाहू. कॅन्यनलँड्सचा भूभाग थरांनी रचलेला आहे. पठाराच्या माथ्याखाली विंगेट वालुकाश्माचा सरळसोट कडा आहे, माणसाला सहजी उतरता येणार नाही असा. त्याच्या पायथ्याशी चिनली नावाच्या थराचे ठिसूळ, राखाडी-जांभळट उतार, त्याखाली मोएनकोपीचे तांबूस थर, आणि मग एकदम टणक, फिकट रंगाच्या वालुकाश्माचा सपाट कातळ येतो. हाच व्हाइट रिम. त्याच्या खालचा दगड मऊ असल्याने तो झिजत गेला आणि हा कातळ कोकणातल्या सड्यासारखा उघडा, रुंद पायरी होऊन उरला. माथ्यापासून ही पायरी तीनएकशे मीटर खाली, आणि तिथून नद्या आणखी तितक्याच खाली. गाडी चालू शकेल अशी सपाटी या अधल्यामधल्या उंचीवर दुसरी नाही. युरेनियम या प्रदेशात मुख्यतः सापडते ते चिनलीच्या थरात, म्हणजे या पायरीच्या थोडे वर. त्यामुळे खनिज शोधणाऱ्याला पठाराभोवतीचे चिनलीचे सगळे उतार तपासायचे असतील तर पायरीवरून रस्ता काढणे भागच होते. सायकलस्वाराला जे दृश्य मिळते, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, त्याची जागा अशी खनिजाच्या थराने ठरवलेली आहे.

युरेनियमच्या आधी इथे वाटा नव्हत्या असे नाही. हा मुलूख यूट लोकांचा, आणि त्यांच्याही आधी कातळावर चित्रे कोरून गेलेल्या लोकांचा. १८३० आणि १८४० च्या दशकांत सांता फे ते लॉस एंजेलिस या दरम्यान खेचरांचे तांडे जात, ती ओल्ड स्पॅनिश ट्रेल नावाची व्यापारी वाट आजच्या मोआबपाशीच कोलोरॅडो नदी ओलांडत असे. जाताना लोकरीची घोंगडी, येताना घोडे आणि खेचरे. या वाटेवर मूलनिवासी बायकामुलांचीही विक्री होई, हे विसरू नये. १८५५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी इथे वसाहतीचा प्रयत्न केला. यूट लोकांशी चकमक झाली, वसाहतवाल्यांची तीन माणसे मेली आणि त्याच वर्षी ते निघून गेले. कायमची वस्ती झाली ती १८७० च्या दशकाच्या अखेरीस. पठारावरून व्हाइट रिमकडे उतरणारी शेफर वाट तर या सगळ्याचा सारांशच आहे. मूळची मूलनिवासींची पायवाट, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर बंधूंनी गुरे उतरवण्यासाठी रुंद केलेली, आणि १९५० च्या दशकात खनिजाच्या ट्रकसाठी पुन्हा फोडलेली. आज सायकलस्वार तिच्या वळणांवरून ब्रेक दाबत उतरतात. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची वाट घेतली आणि आपल्या ओझ्यापुरती ती रुंद केली.

तरीही १९५० च्या दशकात जे घडले ते आधीच्या कशाशीही तोलता येत नाही. कोलोरॅडो पठारावरचे कार्नोटाइट हे खनिज पूर्वी रेडियम आणि व्हॅनेडियमसाठी खणले जाई. १९२१ मध्ये मेरी क्यूरी यांना अमेरिकेत भेट मिळालेले एक ग्रॅम रेडियम याच पठारावरच्या खनिजातून काढले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर गरज बदलली. १९४६ च्या कायद्याने अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, आणि देशात निघणाऱ्या युरेनियमचा तोच एकमेव ग्राहक. आयोगाने १९४८ मध्ये हमीभाव जाहीर केला, नव्या साठ्यांसाठी बक्षिसे लावली, आणि खाणींपर्यंत पोचण्यासाठी सरकारी पैशातून रस्ते बांधायला घेतले. जुलै १९५२ मध्ये टेक्सासचा भूवैज्ञानिक चार्ली स्टीन याने मोआबच्या दक्षिणेला लिस्बन व्हॅलीत भोक पाडले. वर आलेला काळा दगड काय आहे हे त्यालाही कळले नव्हते. त्याच्याकडे किरणोत्सर्ग मोजायचे यंत्रही नव्हते. सिस्को गावात एका ओळखीच्या माणसाच्या यंत्रापुढे तो दगड धरला तेव्हा काटा टोकाला गेला. त्या ‘मी विदा’ खाणीने स्टीन कोट्यधीश झाला आणि मोआबचे रूप पालटले. १९५० च्या जनगणनेत तेराशेच्या आत असलेले गाव १९६० मध्ये साडेचार हजारांच्या वर गेले. १९५६ मध्ये नदीकाठी खनिज शुद्ध करण्याची गिरणी उभी राहिली. आग्नेय युटात खनिज शोधणाऱ्यांनी जवळजवळ १,६०० किलोमीटरचे कच्चे रस्ते बुलडोझरने काढले. व्हाइट रिमचा रस्ता त्यातलाच.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर आहे. व्हाइट रिमच्या परिसरात युरेनियम जवळपास निघालेच नाही. दावे पुष्कळ नोंदले गेले, भोके पुष्कळ पाडली गेली, हाती काही लागले नाही. खनिज भरपूर निघाले असते तर तिथे आज कुंपण, मुरूम आणि बंदीचे फलक असते. रस्ता बांधणाऱ्यांचा डाव फसला म्हणूनच तो मोकळा राहिला. सरकारी पैशातून बांधलेला, पण ज्यासाठी बांधला त्यासाठी बिनकामाचा ठरलेला असा लांबच लांब रस्ता वाळवंटात उरला. पर्यटनाने तो ऐता उचलला.

उचलणाऱ्यांत पहिले नाव बेट्स विल्सन यांचे. जवळच्या आर्चेस या संरक्षित क्षेत्राचे ते प्रमुख होते. १९५० च्या दशकात घोड्यावरून आणि जीपने त्यांनी हा मुलूख पालथा घातला आणि इथे राष्ट्रीय उद्यान व्हावे असा ध्यास घेतला. त्यांची पद्धत साधी होती: ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना जीपमध्ये बसवायचे, खाणवाल्यांच्या रस्त्यांनी आत न्यायचे, रात्री उघड्यावर मुक्काम करायचा आणि बिडाच्या भांड्यांत स्वतः रांधून जेवू घालायचे. राष्ट्रीय उद्याने ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनाही १९६१ मध्ये त्यांनी या भागात फिरवले. १२ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झाले. आज सायकल सफरीत जे असते, म्हणजे वाट जाणणारा माणूस, ओझे वाहणारी जीप, कड्याच्या कडेचा मुक्काम आणि गाइडच्या हातचे जेवण, ते सगळे विल्सन यांच्या त्या फेऱ्यांमध्ये आधीच जुळून आलेले दिसते. सायकल तिथे वीसएक वर्षांनी आली, आणि तिने आधीच तयार असलेल्या व्यवस्थेत आपली जागा घेतली.

ती कशी आली तेही या ओळीत बसते. माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत, माउंट टॅमल्पायसच्या उतारांवर. जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तिथली तरुण मंडळी १९७६ पासून ‘रिपॅक’ नावाच्या उताराच्या शर्यती लावत. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा बनवला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात तयार होणारी सायकल बाजारात आली. त्या शर्यती होत तो रस्ताही वणवे विझवणाऱ्यांसाठी काढलेला होता. मोआबमध्ये याच सुमारास उलटी हवा वाहत होती. आयोगाची खरेदी १९७० मध्येच संपली होती, नंतर अणुवीज केंद्रांची मागणीही आटली, आणि १९८४ मध्ये नदीकाठची गिरणी बंद पडली. घरे कवडीमोलाने विकायला निघाली. त्या पडत्या काळात, १९८३ मध्ये, बिल आणि रॉबिन ग्रॉफ या भावांनी गावात ‘रिम सायकलरी’ हे दुकान काढले. त्यांना गिऱ्हाईक बाहेरून आणावे लागले, पण रस्ते आणावे लागले नाहीत. १९८० च्या दशकातच सायकलींचा वार्षिक मेळावा सुरू झाला, मासिकांत मोआबची छायाचित्रे छापून आली, आणि ज्या गावातले लोक घरे विकून जात होते तिथे सायकली टपावर बांधलेल्या गाड्या येऊ लागल्या.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की मोआबला नाव मिळवून दिले ते व्हाइट रिमने नव्हे, स्लिकरॉकने. गावाच्या पूर्वेला नवाहो वालुकाश्माच्या उघड्या, गोलाकार उंचवट्यांवर पांढरे पट्टे मारून आखलेली ती सुमारे सतरा किलोमीटरची वाट. तिथे कुणी खाण खणली नाही, बुलडोझर गेला नाही. आक्षेप रास्त आहे. ती वाट १९६९ मध्ये डिक विल्सन यांच्या पुढाकाराने हलक्या मोटरसायकलींसाठी आखली गेली, निव्वळ मौजेसाठी. त्यामुळे प्रत्येक वाट युरेनियमची असे म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पण तिथेही सायकल दुसऱ्याच्या आखणीवरूनच गेली. अलीकडच्या दोन-तीन दशकांत मात्र केवळ सायकलींसाठी हाताने काढलेल्या अरुंद वाटा मोआबभोवती खूप झाल्या, आणि त्या माझ्या विधानाला खराखुरा अपवाद आहेत. तरी त्या गावापासून काही तासांच्या अंतरातल्या वाटा आहेत. सायकलस्वाराला वाळवंटात अनेक दिवस आणि रात्री राहायचे असेल तर तो आजही जीपच्या रस्त्यावर येतो. १९८९ मध्ये कोलोरॅडोतल्या लोमापासून मोआबपर्यंत जुळवलेली सुमारे २३० किलोमीटरची कोकोपेली ट्रेलसुद्धा बहुतांशी आधीच्या कच्च्या रस्त्यांना जोडत जोडत केलेली आहे.

हे एकट्या मोआबचे वैशिष्ट्य असते तर त्यावर एवढा जोर दिला नसता. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम ऑस्ट्रेलियात, हेच नव्वद वर्षे आधी घडले होते. १८९२ मध्ये कूलगार्डी इथे सोने सापडले आणि रेताड, पाण्यावाचूनच्या त्या मुलुखात हजारो माणसे लोटली. सामान वाहायला उंट होते, आणि उंट हाकणारे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब आणि सिंधमधून आलेले. त्यांतले पुष्कळ कराची बंदरातून जहाजावर चढले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. उंटाचे पाऊल रुंद आणि गादीसारखे मऊ. तांडे त्याच त्या रेषेवरून गेले की तिथली भुसभुशीत जमीन चोपून निघे आणि दीडएक फूट रुंदीची घट्ट, गुळगुळीत पट्टी तयार होई. सोन्याच्या मुलुखातले सायकलस्वार याच पट्ट्यांवरून धावत. तारेचे खांब पोचण्याआधी पत्रे, निरोप आणि खाणीच्या बातम्या नेणारे सायकल-जासूद कूलगार्डीत धंदा करून होते. १८९६ मध्ये आर्थर रिचर्डसन हा तरुण कूलगार्डीहून निघून नलार्बोरचे मैदान ओलांडत ३१ दिवसांत ॲडलेडला पोचला, तोही तारेच्या लाइनीच्या कडेकडेने. त्या सायकलस्वारांची नावे नोंदली गेली, गौरवली गेली. ज्यांच्या उंटांनी वाट चोपून दिली त्यांतल्या बहुतेकांची नावे राहिली नाहीत, आणि पुढे तर त्यांना त्याच देशात नागरिकत्वही नाकारण्यात आले.

दुसरा आक्षेप जरा वेगळ्या जातीचा आहे. खरा सायकलस्वार स्वतःचे ओझे स्वतः वाहतो. जीप आणि गाइड घेऊन केलेली सफर ही पैशाने विकत घेतलेली सोय, तिला वाळवंटाच्या इतिहासात जागा कशाला? याला उत्तर पाण्याच्या हिशोबाने द्यावे लागते. व्हाइट रिमवर पिण्याचे पाणी कुठेही मिळत नाही. उद्यानाचा सल्ला माणशी दिवसाला चार लिटरचा आहे, आणि सायकल हाणणाऱ्याला ऊन असेल तर ते पुरतही नाही. म्हणजे चार दिवसांचे माणशी निदान सोळा किलो नुसते पाणी. पंधरा जणांच्या तुकडीचे, स्वयंपाक धरून, अडीचशे लिटरच्या वर जाते. एका दिवसात संपूर्ण वळसा मारणारे बलदंड लोक आहेत, आणि त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण ते वाळवंटातून जातात, राहत नाहीत. इथे राहायचे तर कुणीतरी पाणी वाहायलाच हवे. खेचरांच्या तांड्यात ते खेचराने वाहिले, सोन्याच्या मुलुखात उंटाने, युरेनियमच्या काळात ट्रकने. गाइडसोबतची सफर ही या प्रदेशातली प्रवासाची सर्वांत जुनी रीत आहे, एकट्याचा पराक्रम हीच नवी गोष्ट.

गाइडचे दुसरे काम पायाखालच्या मातीशी निगडित आहे. इथल्या मोकळ्या जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेला तो जिवंत थर आहे. तो माती धरून ठेवतो, पाणी मुरवतो, हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो. एका टायरखाली तो चुरडतो, आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात. म्हणून सायकल रस्त्यावरच ठेवायची असा उद्यानाचा कडक नियम आहे, आणि तो पाळला जातो ना हे गाइडने पाहायचे. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या, एका तुकडीत पंधरापेक्षा जास्त माणसे नाहीत, लाकडाची शेकोटी नाही, आणि २०१५ पासून दिवसाभराच्या फेरीलाही परवाना लागतो. हे नियम उगाच आले नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्लिकरॉकच्या सँड फ्लॅट्स भागात वसंतातल्या सुट्ट्यांना इतकी बेशिस्त गर्दी उसळली की जळणासाठी शतकभर जुनी जुनिपरची झाडे तोडली गेली. शेवटी काउंटी आणि केंद्रीय भूमी विभाग यांनी मिळून शुल्क आणि देखरेख सुरू केली. ज्या बुलडोझरांनी पापुद्र्याची पर्वा न करता रस्ते काढले, त्यांच्याच चाकोरीत राहिल्याने आज बाकीचा पापुद्रा वाचतो.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. रस्ता शेवटी चांगल्या कामी आला ना, मग जुने कशाला उगाळायचे? पाहुणे चार दिवस मोकळ्या हवेसाठी येतात, त्यांना खाणींच्या दुःखाची गोष्ट कशाला? कारण त्या रस्त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे आणि हिशोब अजून मिटलेला नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९५० मध्ये युरेनियमच्या खाणकामगारांची पाहणी सुरू केली. हवा खेळती नसलेल्या खाणींत रेडॉन वायू साचतो आणि तो फुप्फुसे खातो याची जाण तेव्हाही होती, पण कामगारांना ती दिली गेली नाही. दक्षिणेकडे नवाहो लोकांच्या भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात जवळपास तीन कोटी टन खनिज काढले गेले, आणि पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी तिथे मागे राहिल्या. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले. तोवर पुष्कळ कामगारांच्या विधवाच अर्ज करायला उरल्या होत्या. मोआबच्या गिरणीने नदीकाठी १ कोटी ६० लाख टन किरणोत्सर्गी गाळाचा ढीग सोडला. २००९ मध्ये तो रेल्वेने पन्नासएक किलोमीटर उत्तरेला, क्रेसंट जंक्शनजवळच्या खड्ड्यात हलवायला सुरुवात झाली.

पाहुण्यांना हे नको असते, या गृहीतकालाही फारसा आधार नाही. व्हाइट रिमवरचे गाइड आजही त्यांना चिनली आणि मोएनकोपीचे थर दाखवतात, पापुद्र्यातले जिवाणू समजावून सांगतात, आणि लोक थांबून ऐकतात. सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूविषयी ज्याला कुतूहल आहे त्याला सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसांविषयी नसेल असे का मानावे? त्यासाठी वाटही वाकडी करावी लागत नाही. मोआबहून सफरीची गाडी निघते ती १९१ क्रमांकाच्या महामार्गाने कोलोरॅडोचा पूल ओलांडते, आणि पूल संपताच डाव्या हाताला गिरणीची ती जागा लागते. शेफरच्या वळणांवर ट्रकसाठी फोडलेला कातळ हात लावण्याइतका जवळ आहे. आणि पुढे व्हाइट रिमवर, मान वर करून पाहिले तर, चिनलीच्या राखाडी उतारांवरून खनिज शोधणाऱ्यांनी काढलेले आडवे चर अजून दिसतात.